तीन किलोमीटर उजेडाचा टॉर्च

मेईचिनने सकाळी पेज वाढता वाढता जाहीर केलं, की आपला टॉर्च आजपासून तीन किलोमीटर उजेड टाकतो.

युंगफाने वाडग्यातून डोकं वर काढलं. "कालपर्यंत तर दोनच टाकत होता."

"काल कोपऱ्यावरच्या तुंगने अडीच केलं. मग आपण काय दोनवर बसून राहायचं?"

"पण टॉर्च तोच आहे ना?"

"टॉर्च तोच आहे हो. जाहिरात नवीन आहे. लोणचं घ्या."

युंगफाने मुळ्याचं लोणचं घेतलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती.

समुद्रकाठच्या चिंगवान गावात दर दुसऱ्या घरात टॉर्चचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घराचा तळमजला, चार टेबलं आणि सहा बायका. विक्री, जाहिरात, भांडणं हे सगळं मेईचिन बघायची. युंगफाकडे सेल होते. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या सेलची पोती यायची. युंगफा ते एकेक तपासायचा, थोडीफार धुगधुगी असलेले बाजूला काढायचा आणि त्यांना नवंकोरं निळं वेष्टण चढवायचा. वेष्टणावर क्षमता छापलेली असायची : नऊ हजार आठशे अठ्ठ्याऐंशी. युंगफाच्या मीटरवर नऊशेच्या वर कधी काटा गेला नव्हता.

"हा आकडा आला कुठून?" त्याने एकदा विचारलं होतं.

"आठ शुभ असतो," मेईचिन म्हणाली होती. "तीन आठ म्हणजे तिप्पट शुभ."

तेव्हापासून युंगफा हे शुभ सेल जिवंत खेकडा धरावा तसे दोन बोटांत धरायचा. घरातली वीज गेली तर मेणबत्ती लावायचा. आपल्या टॉर्चचा उजेड त्याने परसात स्वतः मोजला होता. सतरा पावलं. तीही अमावास्येला.

"पण लोक विश्वास ठेवतील का तीन किलोमीटरवर?" पेज संपल्यावर त्याने विचारलं.

"तेच तर. लोक म्हणतात, व्हिडिओत काय, काहीही दाखवता येतं, लाइव्ह दाखवा. म्हणून आज संध्याकाळी साडेसातला धक्क्यावरून लाइव्ह. तुम्ही टॉर्च धरायचा, आणि समोरचा बोकड्या खडक उजळायचा."

"कसा उजळेल?"

"हाईशुंग उजळवेल."

हाईशुंग हा मेईचिनचा धाकटा भाऊ. त्याची म्हाकूळ पकडायची बोट होती आणि तिच्या दोन्ही अंगांना मिळून ऐंशी मोठाले दिवे होते. उजेडाला भुलून म्हाकूळ वर येतात. हाईशुंगने दिवे लावले, की किनाऱ्यावर कोंबडे आरवायचे. सध्या मात्र उन्हाळी मासेमारीबंदी होती आणि गावातल्या सगळ्या बोटी धक्क्याला बांधलेल्या होत्या.

दुपारी तो आला आणि बेत ऐकून त्याने दोन्ही हात जोडले. "ताई, बंदी आहे गं."

"मासे मारायची बंदी आहे. उजेड पाडायची आहे का?"

"बंदराबाहेर जायचीच बंदी आहे!"

"तू बाहेर कुठे जातोयस? खडकाच्या आडोशाला जातोयस. दहा मिनिटांचं काम."

"सापडलो तर बोट जप्त होईल."

"तुझं लग्न कुणी जमवलं?"

"म्हणूनच म्हणतो, तुझे उपकार आता पुरेत," हाईशुंग म्हणाला आणि मेहुण्याकडे वळला. "दाजी, तुम्ही तरी सांगा हिला."

"मी सकाळीच सांगितलं."

"मग?"

"मग तिने मला लोणचं वाढलं."

हाईशुंगने उसासा टाकला. ताईसमोर आपलं दोघांचं मिळून किती चालतं, हे त्याला ठाऊक होतं. मग खुणा ठरल्या. युंगफाने टॉर्चचं बटण दाबलं, की मेईचिनने खिशातल्या दुसऱ्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा. पहिला कॉल आला की हाईशुंगने दिवे लावायचे, दुसरा आला की विझवायचे. ह्यात चुकण्यासारखं काही नव्हतं.

साडेसातला मेईचिनने धक्क्यावर स्टँड उभा करून फोन लावला. शेजारी टॉर्चचं भरलेलं खोकं ठेवलं. युंगफाला नवं जाकीट घालून, भांग पाडून उभं केलं. बघणाऱ्यांचा आकडा अकरा हजारांवर गेला, तसा तिचा आवाज गोड झाला.

"नमस्कार मंडळी! आज डोळ्यांनी बघा आणि मग बोला. आमच्या साहेबांच्या हातात काय आहे? एक छोटासा टॉर्च. आणि तो लांब काळा ठिपका दिसतोय, तो आहे बोकड्या खडक. बरोब्बर तीन किलोमीटर! साहेब आता बटण..."

तेवढ्यात खडक लखलखून उजळला. त्याच्यावरची झुडपंसुद्धा मोजता आली असती.

युंगफाचा अंगठा अजून बटणापासून वीतभर लांब होता.

झालं होतं असं, की हाईशुंगच्या बायकोने त्याला फोन केला होता, जेवायला येणार की नाही विचारायला. खिशात फोन वाजताच त्याने इमानेइतबारे दिवे लावले होते.

"बघितलंत?" मेईचिन एका श्वासाचाही खंड न पडू देता म्हणाली. "नुसता हातात धरला तरी! अजून बटण दाबलेलंच नाही. आता दाबा हो साहेब!"

युंगफाने बटण दाबलं. मेईचिनने ठरल्याप्रमाणे खिशातून कॉल दिला. हाईशुंगच्या हिशेबी तो दुसरा कॉल होता. त्याने दिवे विझवले.

पडद्यावर प्रश्नांची रांग लागली. 'बटण दाबल्यावर विझतो का?' 'उलटं बसवलंय का बटण?'

"हा आमचा बचत मोड!" मेईचिन म्हणाली आणि दातांत पुटपुटली, "बंद करा, बंद करा."

युंगफाने टॉर्च बंद केला. तिने पुन्हा कॉल दिला. खडक पुन्हा उजळला. आता कधी काय दाबायचं हे युंगफाला काही केल्या कळेना. घाबरून त्याने हात खाली सोडला. टॉर्च त्याच्या चपलेकडे तोंड करून लोंबत होता, तोही बंद, आणि तीन किलोमीटरवर बोकड्या खडक झगझगत होता.

'अहो, टॉर्च तर खाली आहे,' कुणीतरी लिहिलं.

"उजेड एवढा आहे मंडळी, की जमिनीवर आपटून उसळतो," मेईचिन म्हणाली.

ही गोष्ट लोकांना पटली. ऑर्डरींचा आकडा पाणी उकळावं तसा उसळायला लागला. हजार, दीड हजार, दोन हजार. मेईचिनचे डोळे त्या आकड्यावर खिळले आणि दिवे विझवायचा कॉल द्यायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. खडक चांगला दहा मिनिटं पेटल्यासारखा उजळत राहिला, आणि त्याच्या पलीकडून मत्स्यखात्याच्या दोन गस्ती बोटी निळे दिवे फिरवत आल्या.

हाईशुंगने त्या पाहिल्या, घाईघाईने दिवे विझवले आणि बोट थेट धक्क्याकडे पिटाळली. एक गस्ती बोट खडकापाशी जाळी शोधत थांबली, दुसरी त्याच्या मागोमाग आली. तिच्यातून फान नावाच्या अधिकारी बाई उतरल्या. पन्नाशीच्या, शांत, एका हातात चहाचा थर्मास. त्यांनी आवाज अजिबात चढवला नाही, त्यामुळे हाईशुंग जास्तच घाबरला.

"बोट तुमची?"

"हो मॅडम."

"बंदीच्या दिवसांत दिवे लावून म्हाकूळ पकडत होतात?"

"नाही मॅडम! दिवे... दिवे माझे नव्हतेच."

"मग कुणाचे?"

हाईशुंगने इकडेतिकडे पाहिलं. बोट म्हणजे त्याचं घर, भाकरी, अब्रू, सगळंच होतं. त्याने हात युंगफाकडे केला. "ह्यांच्या टॉर्चचा उजेड होता तो. मी नुसता बघायला गेलो होतो."

युंगफाने टॉर्च पाठीमागे लपवला.

फान बाई मेईचिनकडे वळल्या. "खरं आहे?"

स्टँडवरचा फोन अजून चालूच होता. सरकारी गणवेश दिसल्यामुळे बघणारे सव्वीस हजार झाले होते. नाही म्हणावं तर धंदा बुडत होता आणि भावाची बोटही जात होती. हो म्हटलं तर निदान तूर्तास दोन्ही वाचत होतं. मेईचिनने तूर्तासचा विचार केला.

"हो मॅडम. टॉर्चचाच."

"तीन किलोमीटर?"

"छापलंय ना वर."

"मग परत पाडून दाखवा."

युंगफाने बटण दाबलं. टॉर्चचा उजेड धक्क्याच्या पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेला. तिथे एक रबरी चप्पल तरंगत होती. तिच्यापाशी तो थांबला.

"ही चप्पल आहे," फान बाई म्हणाल्या. "खडक तिच्या मागे आहे."

"सेल उतरला असेल. तीन किलोमीटर म्हणजे काही थोडंथोडकं आहे का मॅडम?"

"नवा टाका."

युंगफाने खोक्यातल्या दुसऱ्या टॉर्चमधला नवा सेल काढला. फान बाईंनी तो मागून घेतला, त्यावरचा आकडा वाचला, मग स्वतःच्या टॉर्चमधला सेल काढून दोन्ही हातांत दोन्ही तोलून पाहिले.

"माझ्यावर साडेतीन हजार लिहिलंय आणि हा चांगला वजनदार आहे. तुमच्यावर जवळपास दहा हजार, आणि हातात काही आहे असं वाटतच नाही. आत भरलंय काय?"

"तंत्रज्ञान," मेईचिन म्हणाली.

"साहेब... म्हणजे मॅडम," सेल परत घेऊन टॉर्चमध्ये घालता घालता युंगफा चाचरत म्हणाला, "हा फार वेळ चालू ठेवू नये. तापतो."

"काही तापत नाही. टर्बो लावा!" मेईचिन म्हणाली.

टर्बो म्हणजे बटण तीनदा दाबायचं. टर्बोने उजेड नावापुरता वाढतो, सेल मात्र भलताच तापतो, हे गावात ज्याला पक्कं माहीत होतं असा एकच माणूस होता, आणि त्याच्याच हातात टॉर्च होता. त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने डोळे वटारले. त्याने तीनदा बटण दाबलं.

चप्पल थोडी जास्त स्पष्ट दिसली. तिचा पट्टा तुटलेला होता.

मग टॉर्च कोमट झाला. मग गरम झाला. मग एक गोडसर वास आला, नखांना लावायच्या रंगासारखा. हा वास युंगफाने आयुष्यात दोनदाच घेतला होता आणि दोन्ही वेळा नवीन टेबल आणावं लागलं होतं.

"मागे व्हा! सगळे मागे व्हा!"

युंगफाला ओरडताना कुणीच कधी ऐकलं नव्हतं. त्यामुळे काय झालं ते बघायला मेईचिन धावत पुढे आली. त्याने एका हाताने तिला आणि खांद्याने फान बाईंना मागे लोटलं आणि टॉर्च भिरकावला. समुद्रात टाकायचा होता. पडला खोक्यात, बाकीच्या एकोणचाळीस टॉर्चवर.

आधी फक्त फुसफुस ऐकू आली. मग एक पांढरी ज्वाळा शिट्टी मारत उभी राहिली, आणि तिच्या पाठोपाठ दुसरी, तिसरी, दहावी. सेलच्या लोखंडी नळ्या सुसाटत खोक्यातून बाहेर पडायला लागल्या. हाईशुंग बोट बांधायच्या खुंटामागे पालथा पडला. बांधलेल्या बोटींचे झेंडे दिसले, गोदामांच्या पाट्या दिसल्या, टेकडीवरच्या देवळाची कौलं दिसली, खिडक्याखिडक्यांतून बायका दिसल्या. गावात कोंबडे आरवले.

फान बाईंच्या खांद्यावरचा वायरलेस खरखरला. "मॅडम, धक्क्यावर कसला उजेड आहे? इथून लख्ख दिसतोय."

"इथून म्हणजे कुठून?"

"खडकापासून."

फान बाईंनी जळत्या खोक्याकडे पाहिलं. एका बाजूला छापलेलं 'तीन किलोमीटर' अजून वाचता येत होतं.

"आकडा बरोबर आहे म्हणायचा," त्या म्हणाल्या.

हाईशुंगने बोटीवरच्या वाळूच्या बादल्या आणून ओतल्या तेव्हा कुठे आग दबली. धूर विरल्यावर दिसलं, की कुणाला काही झालेलं नाही. फक्त युंगफाची डावी भुवई नव्हती आणि नव्या जाकिटाची बाही कोपरापर्यंत जळली होती. मेईचिन जिथे धावत आली होती, तिथे दगडावर हातभर काळा डाग पडला होता. ती त्या डागाकडे बघत राहिली. मग नवऱ्याचा हात उलटासुलटा करून पाहायला लागली.

"लागलं का हो?"

"नाही."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"काय?"

"असं होतं म्हणून."

युंगफाने आठवून पाहिलं. त्याने हे सहा वर्षांत निदान तीसेक वेळा सांगितलं होतं. पण ती अजून त्याचा हात सोडत नव्हती, म्हणून तो म्हणाला, "राहून गेलं."

फान बाईंनी थर्मासचं झाकण उघडून एक घोट घेतला आणि वही काढली. "आता मला एकच काय ते लिहायचंय. खडकावरचा उजेड टॉर्चचा की बोटीचा?"

मेईचिनने भावाकडे पाहिलं, भावाने तिच्याकडे.

"बोटीचा," युंगफा म्हणाला.

"दाजी!" हाईशुंग कळवळला.

"बोटीचा. पण बोट आम्ही न्यायला लावली. हा नको नको म्हणत होता." आणि मग, स्वतःलाच नवल वाटावं असं, तो फोनच्या स्टँडसमोर जाऊन उभा राहिला. बघणारे एकेचाळीस हजार होते. "मंडळी, आमचा टॉर्च सतरा पावलं उजेड टाकतो. मी स्वतः मोजलीत. सेल जुन्या लॅपटॉपमधले आहेत, वरचा आकडा खोटा आहे. ज्यांनी घेतला असेल त्यांनी चार्जिंगला लावू नका. उशाशी ठेवू नका. पोरांच्या हातात देऊ नका. परत पाठवा, पैसे मिळतील."

'पैसे' ऐकल्यावर मेईचिनने डोळे मिटले, पण त्याला अडवलं नाही. त्याचं बोलणं संपल्यावर तिनेच फोन बंद केला.

वायरलेसवर निरोप आला : खडकापाशी जाळी नाहीत. बोटीतही मासा नाही, हे फान बाईंनी स्वतः पाहिलं. जाळी खात्याच्याच कुलपात आहेत, हे हाईशुंगने तीनदा सांगितलं. फान बाईंनी विनापरवाना बंदर सोडल्याचा दंड लिहिला, बंदी उठेपर्यंत बोट हलवायची नाही अशी ताकीद दिली आणि वही मिटली.

"टॉर्चचं काम माझ्या खात्याकडे येत नाही. ज्यांच्याकडे येतं त्यांना कळवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. सेलची सगळी पोती वाळूच्या पिंपांत घालून घेऊन गेले आणि तळमजल्याच्या दाराला लाल शिक्क्याचं कागदी सील लावलं. मेईचिनने मुकाट सह्या केल्या. दुपारपर्यंत तिने ठरवलंही होतं, की चांगले सेल विकत घ्यायचे, खरा आकडा छापायचा, जमेल तसं पुन्हा उभं राहायचं. गिऱ्हाइकं अर्थातच सगळी तुटली असणार, असं धरून तिने फोन चालू केला.

ऑर्डरी अकरा हजार झाल्या होत्या.

ती वाचत गेली तसतशी खाली बसत गेली. 'बिचाऱ्याला गणवेशवालीसमोर उभं करून बोलायला लावलं, स्पष्ट दिसतंय.' 'एवढा उजेड सामान्य माणसाच्या हाती द्यायचा नसणार त्यांना.' 'बंद टॉर्चने खडक उजळलेला मी स्वतः पाहिलाय.' 'सतरा पावलं म्हणे! आम्ही काय दूधखुळे आहोत?' 'माल जप्त झाला, म्हणजे खराच असणार. लवकर घ्या.'

मग सुरू झाले फोन. मेईचिन सकाळी सातला बसायची ती रात्री जेवायलाच उठायची.

"नाही हो दादा, खरंच चालत नाही... नाही, कुणाचा दबाव नाही... अहो, जळतो तो!... नाही, तेवढ्यासाठी घेऊ नका."

तिसऱ्या दिवशी तिचा घसा बसला. "आयुष्यभर खोटं बोलले," ती घोगऱ्या आवाजात युंगफाला म्हणाली, "एवढा त्रास कधी नाही झाला."

शुक्रवारी सकाळी दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. शानतुंगहून रात्रभर गाडीत बसून आले होते, हातात पेअरची करंडी होती. चाळीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, असं त्यांनी सांगितलं. मेईचिनला हायसं वाटलं. शास्त्र जाणणारा माणूस, ह्याला तरी समजेल. तिने त्यांना चहा दिला. युंगफाने शेजारी बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं : बोट, मिस्ड कॉल, हाईशुंगची बायको, जुने सेल, छापलेला आकडा. काही लपवलं नाही. म्हातारबुवा मान डोलवत होते. मग युंगफाने त्यांना तळमजल्यावर नेऊन बंद दार दाखवलं.

म्हातारबुवांनी चष्मा पुसला. सीलवरचा मजकूर अथपासून इतिपर्यंत वाचला. लाल शिक्क्यावरून हळूच बोट फिरवलं. मग वळून त्यांनी पेअरची करंडी युंगफाच्या हातात दिली, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"घाबरू नका. मी कुणाला सांगणार नाही."